मराठी लावली, पण वाचणार कोण?

मंडळी, मी बोलतेय, फोन लिहितोय. मला अक्षर येत नाही.

आज नात घरूनच, चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या तिच्या ऑफिसचं काम करत होती. कॉम्प्युटरवर कामाची माहिती कुठल्या भाषेत दिसावी, ते ठरवायचं होतं. यादीत मराठीही होती.

"लाव की गं. माझ्याशी भांडतेस ती मराठीतच ना!"

तिनं लावली. अख्खं पान मराठी झालं.

"आजी, काय लिहिलंय?"

"कॉलेजात तू गेलीस की मी?"

दोघी हसलो. मराठी वाचता तिलाही येत नाही; मग तिनं गुपचूप इंग्रजी लावली. घरात मराठी वाचणारे तिचे आजोबाच होते, तेही गेले.

ते मराठी पान पाहिल्यापासून चुटपुट लागलीय. चेन्नईकरांनो, तुमच्या घरी मराठी वाचणारं कोण उरलंय?