शंखाच्या तोंडाला लागलेलं रक्त

देव माझ्यावर कोपलाय, असं त्या दुष्काळात मला खरंच वाटू लागलं होतं. आमच्या वसाहतीतल्या महादेवाच्या देवळात सकाळच्या आरतीला शंख मी वाजवायचो. वाळूजच्या कंपनीतली पाळी सांभाळूनही अकरा वर्षांत खाडा नव्हता, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. एका सकाळी शंख ओठांवरून काढला, तर त्याच्या तोंडाला रक्त. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दवाखाना गाठायचा सोडून मी शहाण्यानं शंख गंगाजलानं धुतला, पुजारीकाकांच्या स्वाधीन केला आणि प्रायश्चित्त म्हणून उपास धरले. हिरड्यांतून रक्त येतच राहिलं. तुरटीच्या गुळण्या केल्या, टँकरच्या पाण्याला नावं ठेवली. बायको डॉक्टरांकडे चला म्हणाली की, "माझा काहीतरी नेम चुकलाय, देवच बघेल," म्हणून तिला गप्प करायचो. आतून मात्र फार भ्यालो होतो.

एके दिवशी आम्ही दोघं टँकरच्या रांगेत होतो. माझी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. मागच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "भाऊ, पायावरचे हे लाल ठिपके कव्हापासून हायेत?"

"मच्छर चावले असतील."

"मच्छराचे नायत हे. तोंडातून रक्त येतंय का?"

मी चपापलो. "व्हय."

"मंग रांग सोडा अन् रक्त तपासा. आजच! माझ्या भावाला असंच झालं होतं. आमी दातवाल्याकडंच फिरत बसलो, अन् तो गेला."

त्यांचे डोळे भरून आले होते. घागर बायकोकडे देऊन मी तसाच निघालो.

तपासणीत दिसलं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट जवळजवळ संपल्या होत्या. रक्ताचा कर्करोग निघाला. "हा प्रकार वेळेत सापडला तर बरा होतो," डॉक्टर म्हणाले. "आणखी थोडे दिवस काढले असते तर मेंदूत रक्तस्राव झाला असता." उपचार लांबले, केस गेले, पण पाळीवरचे सोबती प्लेटलेट द्यायला हटकून यायचे. बायकोनं त्या बाईंचा घरोघर शोध घेतला. कुणीच त्यांना ओळखत नव्हतं. मग तिलाच आठवलं, पाण्याच्या रांगेत उभ्या असूनही त्यांच्या हातात घागर नव्हती.

मी पूर्ण बरा झालो. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सोमवारी बायकोसोबत सकाळच्या आरतीला देवळात गेलो, तर पुजारीकाकांनी कापडात गुंडाळलेला शंख पुढे केला. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय. वाजवा!"

महादेवा, ज्याला मी कोप समजत होतो, ती तुझी हाक होती. मी तुझ्यावर भार टाकला म्हणत होतो आणि तू दाखवलेल्या रस्त्याकडे पाठ फिरवून बसलो होतो.

छाती भरून शंख फुंकला. देऊळ दणाणलं. बायकोनं तो माझ्या हातातून घेतला, त्याचं तोंड पांढऱ्या रुमालानं पुसलं आणि रडत-हसत रुमाल सगळ्यांसमोर उंच धरला. एकही डाग नव्हता.