ऐकण्याजोगं काळीज

"माझं काळीज ऐकायला माणसं विमानात बसून येतात," असं किल्लीवाले एकदा म्हणाले होते. समोर उभी असलेली बाई घराची किल्ली हरवल्यानं रडकुंडीला आली होती. तिला हे त्या वेळी सांगायची काही गरज नव्हती. पण ते खोटं नव्हतं.

जिन्याखालच्या त्यांच्या दुकानात एक माणूस बसू शकत असे, तोही पाय बाहेर ठेवून. कोऱ्या किल्लीवर कानस फिरवायची, कुलपात घालून बघायची, पुन्हा फिरवायची. गिऱ्हाईक त्यांच्या हाताकडे बघे, किल्ली घेई, चालू लागे. जावई त्यांच्याशी बोलताना घड्याळाकडे बघत असे.

त्यांच्या काळजाच्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. छातीला डॉक्टरांची नळी लावली की भाता फुंकल्यासारखा आवाज येई. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दरवर्षी परदेशातून डॉक्टरकी शिकणारी मुलंमुली सेवा करायला येत. त्यांच्याकडे असली भोकं लहानपणीच बुजवतात, त्यामुळे हा आवाज त्यांनी फक्त पुस्तकात वाचलेला असे. म्हणून नवी तुकडी आली की दवाखान्याचे डॉक्टर किल्लीवाल्यांना निरोप धाडत.

मग दुकान बंद. आदल्या दिवशी पांढरा शर्ट इस्त्रीला.

"शर्ट काढायचाच आहे, तर इस्त्री कशाला?" शेजारचा इस्त्रीवाला विचारी.

"काढेपर्यंत अंगावर असतो ना?"

"आम्हाला नाही बाबा कुणी बोलावत."

"तुझ्यात ऐकण्यासारखं आहे काय?"

इस्त्रीवाला कॉलर जरा जास्तच दाबून काढी.

दवाखान्यात ते बाकावर उघडे बसत. मुलं रांगेनं येऊन नळी लावत. एकेकाचे डोळे मोठे होत. किल्लीवाले न सांगता श्वास रोखत. घरी आल्यावर बायकोला सांगत, "एक पोरगी तर दोनदा रांगेत आली."

"भोक तुमच्या काळजाला," बायको म्हणे, "आणि वारा शिरलाय डोक्यात."

गेल्या वर्षीच्या तुकडीत एक उंच मुलगी होती. तिनं आवाज ऐकला, आणि मग इतर कुणी केलं नव्हतं ते केलं. तिनं सिस्टरकरवी विचारलं, "जिना चढताना दम लागतो का?"

"नाही," किल्लीवाले म्हणाले.

"लागतो," त्या दिवशी सोबत आलेली बायको दारातून म्हणाली. "अर्ध्या जिन्यावर बसतात. आणि वर मला सांगतात, कठडा तपासतोय."

पुढचं सगळं त्या मुलीनं जुळवून आणलं. मायदेशी गेल्यावर तिनं तिथून इथल्या मोठ्या इस्पितळातल्या लोकांना गाठलं. मांडीच्या शिरेतून तार घालून भोकावर झाकण बसवायचं ठरलं. डॉक्टरांनी किल्लीवाल्यांना समोर बसवून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मग आवाज?"

"आवाज जाईल."

"थोडा तरी राहील?"

"अहो, तो जावा म्हणूनच तर हे करायचंय."

"मला विचार करू द्या."

"विचार झालाय," बायको म्हणाली. "झाकण बसवा. हे नाही म्हणाले तर मी माहेरी जाते, आणि मग यांच्या काळजाला यांनीच नळी लावून बसावं."

झाकण बसलं. किल्लीवाले एका दमात जिना चढू लागले. बायको भेटेल त्याला हे सांगत सुटली. ते मात्र संध्याकाळी दुकानात, गिऱ्हाईक नसलं की, शर्टात हात घालून छातीवर ठेवत आणि थोड्या वेळानं काढून घेत.

यंदा तुकडी आल्याचं त्यांना बाहेरूनच कळलं. निरोप आला नव्हता. जायच्या आदल्या दिवशी ते शर्ट घेऊन गेले, तर इस्त्रीवाल्याचं दुकान बंद. त्यांनी घरीच तांब्यात गरम पाणी घालून शर्टावर फिरवला.

दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"दरवर्षी येतो मी."

"बरं, बसा."

ते बाकावर बसले. शर्ट काढून घडी घातली. एका चष्मेवाल्या मुलानं येऊन नळी लावली. किल्लीवाल्यांनी श्वास रोखला. मुलानं नळी सरकवली, पुन्हा सरकवली, मग हसून त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि सिस्टरना काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, काही नाही. चारचौघांसारखं आहे अगदी."

मुलगा वळून पलीकडच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रांग तिथे होती. तिच्या टोकाला खाटेवर इस्त्रीवाला उताणा पडला होता, गंजीफ्रॉक छातीपर्यंत वर केलेला. एकेक मुलगा त्याच्या बरगडीखाली बोटं दाबत होता आणि डोळे मोठे करत होता. इस्त्रीवाल्याला गुदगुल्या होत होत्या.

"किल्लीवाले!" तो खाटेवरून ओरडला. "माझं यकृत हाताला लागतं म्हणे! बाहेरूनच!"

किल्लीवाल्यांनी शर्टाची घडी मोडली. तो अंगात घातला, गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावली, आणि ते बाहेर पडले.