कडक बटणांचा कीबोर्ड

मिल बंद पडल्यावर बाबांच्या हाती जे काही थोडं आलं, त्यातून आमच्याकडे कॉम्प्युटर आला. आई आधीच गेलेली, त्यामुळे छत्रीबागेतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद टाइप करून पाठवायचं काम मला घरबसल्या मिळत होतं. म्हणजे खरं सांगायचं तर घर माझ्या बोटांवर चाललं होतं. आणि त्यातलीच उजवी करंगळी सकाळी बधिर राहायला लागली.

मी कुणाला बोलले नाही. पण एकदा चहाचा कप हातातून सुटला. बाबांनी तुकडे उचलले, फरशी पुसली आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. त्यांची उभी हयात मिलच्या साच्यांवर, कापड विणणाऱ्या मशीनवर गेली होती. तिथं माणसाच्या हातातून वस्तू पडायला लागल्या की आधी त्याला झाडलोटीवर घालायचे, मग घरी बसवायचे. ते त्यांनी पाहिलेलं होतं.

बडा गणपतीजवळच्या डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "टाइपिंग कम करो." मला असा राग आला! कमी करायचं तर खायचं काय? मग त्यांनीच सांगितलं, मनगट वर वाकणार नाही असा बसका, हलक्या बटणांचा कीबोर्ड घ्या, माउस जवळ ठेवा, जमेल तेव्हा डाव्या हातानं चालवा.

बाबा माझ्याबरोबर दुकानात आले. दुकानदारानं आधी मधून दुभंगलेला एक परदेशी कीबोर्ड दाखवला. त्यानं दोन्ही हात सरळ राहतात म्हणे. किंमत ऐकून मी तो चटका बसल्यासारखा खाली ठेवला. मग त्यानं स्वस्तातले दोन काढले. एक बसका, मऊ, उजवीकडची आकड्यांची बटणं नसलेला, म्हणजे माउससाठी हात लांब न्यायला नको. दुसरा जाडजूड, जुना, कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसातून आलेला.

बाबांनी मऊवाला दाबून पाहिला. "भिया, ये तो मरा हुआ है. आवाज ही नहीं."

"यही तो अच्छा है, काकाजी. हाथ को आराम."

बाबांनी जुन्यावर बोटं आपटली. टकटक दुकानभर झाली आणि त्यांचा चेहरा खुलला. "हाच घे बेटा. ह्यात दम आहे. मशीन बोललं पाहिजे, तेव्हा तर समजतं चालू आहे की नाही."

दोष एकट्या बाबांचा नव्हता. मी टायपिंग क्लासात लोखंडी मशीनवर शिकलेली. बोट आपटल्याशिवाय अक्षर उमटलं असं मला वाटतच नसे. मलाही तोच आवडला. डॉक्टरांचं सांगणं आम्ही बापलेकीनं मिळून गुंडाळून ठेवलं आणि समाधानाला एक लहानसा माउस घेतला.

मग घरात दिवसभर टकटक. शेजारीण विचारायची, "क्या कूट रही हो दिनभर?" मिल सुटल्यापासून दुपारभर कूस बदलत पडणारे बाबा त्या आवाजात मात्र गाढ झोपू लागले. त्यांना झोपलेलं बघून मला बरं वाटायचं, आणि दुखणं मात्र मनगटावरून कोपराकडे चढत होतं. माउस डाव्या हातात गेला. भाजी चिरताना सुरी धरवेना. वेणी घालणं सुटलं, तर मी बाबांना म्हटलं, "वेणीनं डोकं दुखतं हो फार." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि भाजीची सुरी आपल्याकडे ओढली. त्यांचं ते बघणं मला मुळीच आवडलं नाही.

मग टाइप केलेले कागद परत यायला लागले. करंगळीची अक्षरं गळत होती. काम देणारा माणूस फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ज़रा ध्यान दीजिए. लाइन में और भी लोग हैं." त्या दिवशी मी एकटीच जाऊन तो मऊ कीबोर्ड घेऊन आले.

दुपारी बाबा झोपल्यावर तो लावला. बोटं नुसती टेकवली तरी अक्षरं मुकाट उमटत होती. थोड्याच वेळात पलीकडच्या खोलीतलं घोरणं थांबलं आणि बाबा दारात येऊन उभे राहिले.

"बंद पडलं का?"

"नाही बाबा, चालू आहे. ह्याला आवाज नाही, बस."

"मिलमध्ये आम्हालाही असंच सांगत होते. चालू आहे, चालू आहे."

ते स्टूल ओढून शेजारी बसले, माझा उजवा हात आपल्या तळव्यावर घेतला आणि म्हणाले, "तू तिकडे बघ, स्क्रीनकडे." मग एकेक बोट दाबत गेले. अंगठा. "समजतं?" "हो." त्याच्या शेजारचं. "हे?" "हो." मधलं. "हे?" "हो." त्याच्या पलीकडचं जरा उशिरा समजलं, पण समजलं.

"आणि करंगळी?"

"हो," मी लगेच म्हणाले. "समजतंय ना."

"अजून दाबली नाही मी, बेटा."