बंडूची ओळखपरेड

पत्नी गेल्यापासून दुपारी लिहायला बसतो, तेव्हा पोलिसाच्या नोकरीत तपासलेल्या मोठ्या गुन्ह्यांआधी परळच्या एका कुत्र्याची चौकशी डोळ्यांसमोर येते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. माणसांची नावे देत नाही, कुत्र्याचे देतो. त्याचे नाव बंडू.

बंडू मॅस्टिफ जातीचा, वासराएवढा. भोईवाड्याजवळच्या एका बंगल्यावर तो राखणीला असे. गिरणीतल्या एका तरुण विणकराने इस्पितळात सांगितले की, रस्त्याने जाताना हा कुत्रा फाटकातून धावून आला आणि पोटरीला चावला. तक्रार आमच्या ठाण्यात नोंदली गेली. ते कळताच बंगल्याच्या मालकांनी कुत्र्याला दोन दिवसांत गोळी घालायचे ठरवले.

त्याच संध्याकाळी इस्पितळात जखमा बांधणारा ड्रेसर ठाण्यात आला. हळूच म्हणाला, "साहेब, दातांच्या खुणा नाहीत. एकच सरळ चीर आहे."

सकाळी विणकराला बोलावून जबाब घेतला. उलटसुलट विचारले. तो एवढेच म्हणे, "कुत्राच चावला." खोटे पचवलेला माणूस सविस्तर बोलतो, घाबरलेला एकच वाक्य धरून बसतो.

शेवटी त्याला बंगल्यावर न्यायचे ठरवले. हवालदार म्हणाला, "कुत्र्याची ओळखपरेड! मग रांगेत उभे करायला बाकीचे पाच कुठून आणू, साहेब?"

राखणदार मालवणकडचा म्हातारा होता. बंडूला त्याने पिल्लू असल्यापासून वाढवले होते. तो मला म्हणाला, "मी ह्येका कधी मारूक नाय, कोणावर सोडूक नाय. इल्या माणसाक येवक देता. जावक मात्र माका इचारल्याशिवाय देवचो नाय. आडवो ऱ्हवता, बस."

तसेच झाले. विणकर आत आला तेव्हा बंडूने त्याला नुसते हुंगले. तो परत वळताच बंडू फाटकासमोर आडवा आला आणि सारे अंग त्याच्या गुडघ्यांना टेकवून उभा राहिला. गुरगुर नाही, दात दाखवणे नाही. विणकर मात्र मागे सरकू लागला.

ज्याच्या जबाबाने बंडू मरणार होता, त्याच्याच पाठीवर म्हाताऱ्याने हात ठेवला. "भिया नको रे झिला. तुका काय करूचो नाय तो."

विणकर तिथेच खाली बसला.

"नाही चावला, साहेब. मोर्चात लाठीमार झाला, पळताना पत्र्यावर पडलो. इस्पितळात जखमींची चौकशी चालली होती. खरं सांगितलं तर अटक होईल, नोकरी जाईल. येताजाता हा दिसायचा, म्हणून याचं नाव घेतलं."

"सोड रे," म्हातारा म्हणाला. बंडू बाजूला होऊन सावलीत जाऊन बसला.

हवालदाराने वही उघडली. "काय लिहू, साहेब?"

"पळताना पत्रा लागला."

"कुठून पळताना?"

"तेवढंच लिहा."

त्या मोर्चावर लाठी चालवणाऱ्या तुकडीत मीही होतो. बंडूच्या जबड्यात माझ्या लाठीहून कितीतरी जोर होता, आणि तो जोर आवरायला त्याला एका म्हाताऱ्याने एकदाही हात न उगारता शिकवले होते. पुढे नव्या शिपायांना बंदोबस्तावर पाठवताना मी ही हकिकत सांगत असे. काही जण तोंड फिरवून हसत. मी तरी सांगत असे.