मुंडकेवाली माय

सुरतेत, गोडादऱ्याच्या आमच्या चाळीत मुंडकेवाली माय येण्याआधी तिचा वास यायचा. हातात पत्र्याचा डबा, त्यात माशांची मुंडकी, शेपट्या आणि कुणी विकत घेणार नाही अशी बोटाएवढी बारकी मासळी. बाजारातल्या मासळीवाल्या दुपारी पाट धुताना सगळं तिच्या डब्यात लोटायच्या. "लई जाव, बा, कचरोज छे." म्हणजे, घेऊन जा, आई, कचराच आहे. माय हसत आणायची.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं आणि मी खानदेशातून आलेली नवी नवरी होते. नवरा बारा तास लूमवर, घरी आला की झोप. खोलीत मी आणि भिंती. तरी तोरा असा, की सुरतेचा किल्ला जणू माझ्याच बापानं बांधला. मायच्या दारावरून जाताना मी नाकाला पदर लावायची. तिनं बारकी मासळी पत्र्यावर वाळवून, लसूण-मिरचीत कुटून चटणी दिली, तेव्हाही पदर नाकालाच होता. पदराआड तोंड चालू होतं. मायला ते दिसायचं. ती मुकाट्यानं वाटी पुन्हा भरायची.

माशाच्या पोटातली घाण ती दोडक्याच्या वेलाखाली पुरायची, मासळी धुतलेलं पाणीही तिथंच ओतायची. त्या वेलाचे दोडके अख्खी चाळ खायची, माळकरीसुद्धा. माय कुणाला काही बोलायची नाही.

मुंडक्यांचा रस्सा मात्र ती एकटी कधी जेवली नाही. ताट घेऊन कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसायची, बहुतेक माझ्याच. मुंडकं फोडायचं, गालातलं मांस काढायचं, हाडं चोखायची, यात दुपार सरायची. तिचा नवरा कसा गेला, मुलगा पलसाण्याला डाईंगमध्ये असून महिना महिना कसा फिरकत नाही, हे सगळं मला त्या हाडांवरच कळलं.

मग एक दिवस मुलगा आला, तो तिला न्यायलाच. सून माळकरी, त्या घरात मासळी शिजत नव्हती. मायचं शेवटचं जेवण माझ्याकडे, असं मी ठरवलं. मानाचं जेवण म्हणून मोठा रोहू घेतला, मुंडकं कापून बाजारातच टाकून दिलं आणि नुसते मधले तुकडे वाढले. केवढी मी शहाणी.

मायनं ताट निरखलं. "मुंडकं कुठंय, पोरी?"

"आज कचरा नाही, माय. आज मानाचं जेवण."

तिनं ताटातला तुकडा बोटानं उलटून पाहिला. मग म्हणाली, "तुकडा काय वं, दोन घासांत सरतो, अन् माणूस उठून जातं. मुंडकं खायाला वेळ लागतो. तवर बसतं कुणीतरी."

तुकडे खरंच लवकर संपले. मुलगा रिक्षा आणून बाहेर उभाच होता.

आता आमच्याकडे बिनकाट्याची मासळी येते. नातवंडं चार घास खाऊन मोबाइलकडे पळतात. मी मासळीवाल्याकडे मुंडकी मागते. "मांजर पाळलंय का, बा?" तो विचारतो. मी हो म्हणते. सगळे उठून गेले, की ते मांजर एकटंच ताटावर बसून असतं, हाडं चोखत, दुपारभर.