लायसन्स न विचारलेला वायरमन
वायर जळाल्याचा वास आला की मला लोणी देवकरची आमची मसाल्याची शेड आठवते. तिथलं वायरिंग दिरांनी सुचवलेल्या गावच्या वायरमननं केलं होतं. लायसन्स न विचारताच मी शेडच्या पूजेला त्याला मानाची टॉवेल-टोपीही दिली. महिन्याभरात बोर्डानं पेट घेतला आणि एका कामगार बाईचा हात भाजला. तपासाला आलेल्या विद्युत निरीक्षकांनी लायसन्स मागितलं, तर वायरमन म्हणतो, "ताई, वीस वर्षं झाली, कागद कुणी इचारलाच न्हाय!" निरीक्षक मला म्हणाले, "बिनलायसन्सवाल्याला काम देणाराही जबाबदार असतो. मॅडम, नोटीस तुमच्या नावानं निघेल." वर दीर म्हणाले, "वहिनी, आपलाच माणूस हाय, सांभाळून घ्या." संताप आला, पण काम मीच दिलं होतं. ती बाई अजून माझ्याकडंच आहे. पिशव्या भरताना तिची दोन बोटं वळत नाहीत.