पंधरा मिलीची तूट

आमच्या ताईचा नवरा वजनमापे निरीक्षक आहे. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, खालून बूड ठोकून आत घेतलेलं माप, असल्या लबाड्या हुडकून काढायच्या आणि समोरच्याला घाम फोडायचा, ही भाऊजींची नोकरी. ते बाजारात शिरले की दुकानदारांना एकदम बाहेरची कामं आठवतात. नोकरी म्हणून हे ठीकच. पण घरी आल्यावर माणूस बूट काढतो तशी नोकरीही काढून ठेवतो. भाऊजी बूट तेवढे काढतात. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा जेवणाबद्दल अवाक्षर नाही, स्वयंपाकघरातल्या काट्याकडे बघून म्हणाले, "हा वीस ग्रॅम खोटं बोलतो." आई ते अजून विसरलेली नाही.

तर ताईला मुलगी झाली, आणि आई नि मी मदतीला रोज तिच्या घरी जाऊ लागलो. ताई शहराची बस चालवते. रजा संपत आली, अंगावरचं दूधही पुरेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी डब्यातल्या पावडरीचं दूध सुरू करायला सांगितलं. ठरलं असं की सोमवारी ताईने कामावर हजर व्हायचं आणि भाऊजींनी रजा घेऊन पोरीला सांभाळायचं. सोमवार चुकला तर ताईचा जुना मार्ग दुसऱ्या ड्रायव्हरला जाणार आणि तिच्या गळ्यात पहाटेचा कारखान्यांचा फेरा पडणार. तो कुणालाच नको असतो.

आणि नेमकी तेव्हाच भाऊजींना तूट सापडली.

बाटलीत एकशेवीसच्या रेघेपर्यंत पाणी, त्यात चार सपाट चमचे पावडर. पोरगी चुटूचुटू प्यायची आणि शेवटी तोंड फिरवायची. तळाशी पंधरा मिली उरलेलं. दर वेळी.

"एकशेपाचच प्यायली," भाऊजी बाटली डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून म्हणायचे. आवाज असा, की पोरीने यांच्या खिशात हात घातलाय.

पोरगी कशी, तर मांड्यांना वळ्या, मनगटाला दोरा बांधल्यासारखी घडी, आणि गाल एवढे की हसली की डोळे गायब. हिची उपासमार चाललीय असं ज्याला वाटतं त्याने आधी स्वतःचे डोळे तपासून शिक्का मारून घ्यावेत. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, "छान वाढतेय" म्हणाल्या. भाऊजी काट्याखाली वाकले. "यावर यंदाचा शिक्का नाही."

"तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर बसून माणूस सुधारतो असं नाही. घरी येऊन भाऊजींनी गळती शोधायला घेतली. पाजण्याआधी लाळेरं काट्यावर, पाजल्यानंतर लाळेरं काट्यावर. लाळेरं निर्दोष सुटलं. मग संशय आईवर.

"सासूबाई, माझ्या पाठीमागे हिला काही देता का?"

"देते ना, जावईबापू. सकाळी चहा दिला. पेपर वाचत वाचत घेतला तिने."

पण थट्टा अंगाला लागेल तर ते भाऊजी कसले! त्यांनी उरलेलं पंधरा मिली पोरीला बळेच पाजायला सुरुवात केली. पोरगी हुशार. तिने ते सगळं, वर थोडं व्याज घालून, त्यांच्या शर्टावर परत केलं. खोटं वाटेल, पण या गृहस्थांनी शर्ट काढला तो थेट काट्यावर ठेवला.

शनिवारी त्यांनी निकाल दिला. "तूट भरून निघेपर्यंत तू कामावर जायचं नाहीस. मी एकटा ही जबाबदारी घेणार नाही."

"अरे, तोवर माझा मार्ग जाईल."

"मुलीपेक्षा मार्ग मोठा आहे का?"

भर चौकात बस बंद पडली आणि मागून शंभर भोंगे वाजले तरी ताई डगमगत नाही. तीच ताई या वाक्यावर इस्त्री केलेला गणवेश मोडून पुन्हा घड्या घालत बसली. मला भाऊजींचा संताप आला. आईला माझ्याआधी आला होता.

"मग पंचनामा करा!" आई कडाडली. "दुकानदाराचा करता, तसा घरचाही होऊन जाऊ द्या."

भाऊजींचा चेहरा असा खुलला की मुलगी झाली तेव्हाही खुलला नसेल. मखमली पेटीतून काचेचं सरकारी माप निघालं. पंच म्हणून मला उभं केलं. आधी बाटलीच्या रेघा तपासल्या, बरोबर निघाल्या. "आता नियमाप्रमाणे," भाऊजी घसा खाकरत म्हणाले, "ग्राहकाला दिला जाणारा तयार माल मोजायचा." एकशेवीस पाणी, चार चमचे, हलवलं, ओतलं. गुडघ्यावर बसून त्यांनी डोळा रेघेला लावला. बराच वेळ लावलेलाच होता.

"काय निघालं?" ताईने विचारलं.

"एकशे... पस्तीस."

माप धुऊन पुन्हा केलं. पुन्हा पस्तीस. पावडर पाण्यात पडली की जागा खाते! साखर घातली की कपातला चहा वर चढतो, एवढी साधी गोष्ट. हे इतके दिवस मोजत होते ते नुसतं पाणी. दूध कधी मोजलंच नव्हतं. एकशेपस्तिसातले पंधरा उरत होते, म्हणजे पोरगी पुरे एकशेवीस पीत होती. घरात एकच माप खरं होतं, आणि भाऊजींनी खटला भरला होता तो त्याच्यावर.

"आता दंड कुणाला, साहेब?" आईने विचारलं.

"डब्यावर हे ठळक छापायला हवं," भाऊजी म्हणाले. लाज कशाशी खातात ते यांना कुणी मोजून दाखवावं.

ताई हसली नाही. "सोमवारी मी जातेय," एवढंच म्हणाली, आणि गणवेश खुर्चीवर काढून ठेवला.

सोमवारी दुपारी आईने मला पहाऱ्यावर धाडलं. भाऊजी पोरीला पाजत होते. पोरीने तोंड फिरवलं. सवयीने बाटली डोळ्यापर्यंत गेली, तिथे थबकली, खाली आली. माझ्याकडे न बघता त्यांनी उरलेलं दूध मोरीत ओतलं आणि पोरीला खांद्यावर घेऊन पाठ थोपटू लागले. तेवढ्यात ताईचा फोन आला. आगारातला गलका मलाही ऐकू येत होता.

"प्यायली का रे?"

"प्यायली."

"किती?"

"पोटभर."

पलीकडून ताईचा बारीक आवाज, "पोटभर म्हणजे किती रे? नक्की आकडा सांग ना."

"तुझी गाडी सुटायची वेळ झाली," भाऊजी म्हणाले, आणि पोरीने त्यांच्या कानात दणदणीत ढेकर दिला.